ग्लासाचं पुढं काय करायचं

आई, काल शाळेत मला ओकारी आली. सगळ्यांच्या देखत नाही, तेवढी अब्रू राखली. पण हात धुवायचं बेसिन धरून मी बराच वेळ वाकून उभी होते आणि तोंडात मधाची, तेलाची आणि भांडी घासायच्या साबणाची मिळून एक चव होती. मी काही प्याले नव्हते. नुसत्या वासानंच ती जिभेवर चढली होती. तशी वाकलेली असताना तुझी आठवण झाली, आणि खरं सांगू का, रागच आला. इतक्या वर्षांत तुला यायला चांगली निमित्तं काय कमी होती? घर बांधलं, लेकीचं लग्न झालं, नात झाली. तेव्हा तू अशी कडकडून आठवली नाहीस. आठवलीस ती बेसिनपाशी.

तू गेलीस तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते, आता निवृत्तीला आले आहे. कोरेगावातल्या एका इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवते. आधीची मराठी शाळा पटाअभावी बंद पडत आली, तेव्हा इकडे आले. इथं पोरं मला बाई म्हणत नाहीत, मिस म्हणतात. मुख्याध्यापिका माझ्या लेकीच्या वयाची आहे, हुशार आहे, वागायलाही बरी आहे, पण प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ काढल्याशिवाय तिला ती गोष्ट झाल्यासारखी वाटत नाही. भाजी खुडली, व्हिडिओ. झाड लावलं, व्हिडिओ. ते झाड पुढं जगलं का, ते कुणी बघत नाही. तर या वर्षी तिनं ठरवलं की पाचवी ते सातवीच्या प्रत्येक पोरानं द्रवांचे थर लावलेला एकेक ग्लास करायचा. शुक्रवारी करायचा, रात्रभर व्हरांड्यात मांडून ठेवायचा आणि शनिवारी पालकांना दाखवायचा. प्रयोग माझ्या विषयातला, म्हणजे यजमानीण मी.

प्रयोग तुला ठाऊक आहे. जड द्रव खाली बसतो, हलका वर राहतो. तळाला मध, त्यावर भांडी घासायचा हिरवा साबण, मग रंगवलेलं पाणी, मग तेल, आणि सगळ्यात वर दवाखान्यातलं स्पिरिट. घाई केली की सगळं गढूळ होतं. चमचा उलटा धरायचा, ग्लासच्या आतल्या कडेला टेकवायचा आणि त्याच्या पाठीवरून धार सोडायची. ज्या पोराला वर्गात एक मिनिट बसवत नाही ते पोर चमचा धरून श्वास रोखून उभं राहतं, हे मी दर वर्षी बघते आणि दर वर्षी मला ते आवडतं. याही वर्षी आवडलं. थर एकमेकांवर स्वच्छ बसले, उन्हात धरले की ग्लासातून रंग जमिनीवर पडत होते. माझी तक्रार प्रयोगाबद्दल नाही, आई. पुस्तकात त्या ग्लासाचं चित्र असतं, खाली प्रश्न असतात, आणि पान संपतं. त्या ग्लासाचं पुढं काय करायचं, ते पुस्तकात नसतं.

तो प्रश्न आपल्या घरात तू काढलास. मी सातवीत होते, आष्ट्याजवळच्या आपल्या गावात. मास्तरांनी सांगितलं, घरून मध आणा, दूध आणा, शेंगतेल आणा, थोडं रॉकेल आणा. मी स्वयंपाकघरात येऊन फर्मान वाचल्यासारखं ते सगळं म्हणून दाखवलं. तू हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून विहिरीचं पाणी गाळत होतीस. गाळून झालं की ते फडकं गाळलेल्या पाण्यानं खळबळायचं आणि ते पाणी त्याच विहिरीत परत नेऊन सोडायचं, कारण फडक्यावर अडकलेल्या जिवांचं घर ती विहीर, हे तुझं रोजचं काम होतं. सगळी गल्ली पाणी आणायला विहिरीवर जायची, आणि तू आणायलाही जायचीस आणि सोडायलाही.

"मध न्हाई आपल्या घरात," तू मान वर न करता म्हणालीस. "कवा आणलाय का आजवर?"

"मास्तरांनी सांगितलंय."

"मास्तरांच्या घरात आसंल. माशांनी पोराबाळांसाठी साठवल्यालं ते. आपुन पळवून आणायचं व्हय?"

"मग तळाला काय घालू? सगळ्यांचा ग्लास होईल आणि माझाच न्हाई व्हायचा."

पोरीचा ग्लास व्हायला पाहिजे, हेही तुला कळत होतं. "लय घट्ट पायजे न्हवं? मग काकवी ने की. गुऱ्हाळावरनं कालच आलीया." आणि लगेच म्हणालीस, "पर झाकून ने. मुंग्या येत्यात."

काकवीचा थर मधापेक्षा देखणा बसला. काळसर तांबडा, आणि त्यावर दूध इतकं पांढरं दिसलं की मास्तरांनी माझा ग्लास उचलून वर्गभर फिरवला. वर शेंगतेल, त्यावर रॉकेल. ती दोन्ही थोडाच वेळ वेगळी राहिली आणि मग एक झाली, पण तोवर कौतुक होऊन गेलं होतं. मधल्या सुट्टीत मी कुणाशी बोलत नव्हते, इतकी फुगले होते. मास्तर म्हणाले, आपापले ग्लास घरी न्या. बाकीच्यांनी वाटेतच गटारात उलटे केले. मी मात्र तुला दाखवायला म्हणून पावलं मोजत, दोन्ही हातांत धरून घरी आणला. तू बघितलास. "चांगलं झालंय गं," म्हणालीस, आणि खरंच कौतुकानं म्हणालीस. मग विचारलंस, "आनी आता ह्याचं म्होरं काय?"

मी मोरीकडे निघाले. तू हात धरलास.

"मोरीत जीव असत्यात. त्यांच्यावर रॉकेल वतणार व्हय?"

परसात? मातीत गांडुळं होती. ओढ्यात मासे होते. उकिरड्यात तर काय काय होतं. रॉकेल घातलं नसतं तर म्हशीला तरी पाजलं असतं, असं तू दोनदा म्हणालीस, जणू मी मुद्दाम घातलं होतं. शेवटी तू तोडगा काढलास. "मास्तरांनी करायला सांगितलंय न्हवं? मग त्यांनाच इचार, ह्याचं म्होरं काय करायचं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी दुसऱ्या दिवशी भर वर्गात उभी राहिले आणि विचारलं. गुरुजी, मोरीत जीव असतात, तर ग्लास कुठं ओतू, असं आईनं विचारलंय. मास्तर वाईट नव्हते. ते आधी समजूनच घेत होते, मग त्यांना हसू आवरेना. "आगं मोरीत वत की. त्यात काय इचारायचं." वर्ग हसला. आणि तो नुसता हसून थांबला नाही. त्या दिवसापासून मी मुंगीबाई झाले. पुढची तीन वर्षं पोरं माझ्या वाटेत येऊन पाय उचलून धरायची आणि म्हणायची, "जा बाई जा, तुडवत न्हाई तुला." मी हसण्यावारी नेलं. घरी येऊन तुझ्याशी बोलणं मात्र कमी केलं. का, ते तू विचारलं नाहीस, आणि मीही सांगितलं नाही.

ग्लास राहिला परसदारच्या कोनाड्यात. त्यात माशी पडू नये म्हणून तू त्याच्या तोंडाला फडकं बांधलंस. दुसऱ्या दिवशी दूध फाटलं. मग ते फुगलं, पिवळट गोळे तेलात वर आले, आणि कोनाड्यातून असा वास यायला लागला की दादा परसात जायचे ते नाकाला उपरणं लावून. आंबलेलं दूध, रॉकेल आणि काकवी. त्या वासाला नाव नाही. माझी मैत्रीण आली ती उंबऱ्यावरूनच परत गेली. दादा नवऱ्याच्या हक्कानं रोज एकदा म्हणायचे, "आगं, आता तरी टाक की ते." तू म्हणायचीस, "सांगा कुठं टाकू ते, टाकती." त्यावर ते दुकानात निघून जायचे. मला तुझा वीट आला होता. आख्ख्या गावात एक ग्लास टाकता येत नाही अशी एकच बाई, आणि ती माझ्या वाट्याला आली, असं वाटायचं.

आणि मग ते झालं. तू बांधलेलं फडकं काकवी गाळायचं होतं. धुतलेलं होतं, पण मुंग्यांना कुठं फसवता येतं. एका सकाळी कोनाड्याच्या भिंतीवरून काळी रांग लागली होती, फडक्यावर चढत होती आणि गाठीच्या फटीतून आत उतरत होती. तू फडकं सोडलंस. आई, मी तो ग्लास विसरू म्हणते आणि विसरत नाही. तेलावर मुंग्यांचा एक थर बसला होता. चांगला जाड थर. वरच्या काही अजून हलत होत्या, खालच्यांवर पाय देऊन चढायचा प्रयत्न करत होत्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. जीव वाचवायला तू झाकण घातलंस आणि त्या झाकणानंच त्यांना बोलावून आणलं.

काडीनं एकेक हलती मुंगी काढून कागदावर ठेवत राहिलीस. त्यांच्या अंगाला तेल होतं, त्या चालत नव्हत्या, जागच्या जागी फिरत होत्या. मी तुझ्या पाठीमागं उभी होते आणि मला मळमळत होतं, त्या ग्लासापेक्षा तुझ्या त्या काडीनं. त्या दिवशी तू जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी तू जैन बस्तीत दर्शनाला गेलीस तेव्हा दादांनी ग्लासासकट सगळं उकिरड्यात पुरलं. तू आलीस, कोनाड्याकडे बघितलंस आणि पाणी गाळायला बसलीस.

मी मात्र त्या कोनाड्यासमोर ठरवून टाकलं होतं की हे असलं आपल्याला नको. पुढं विज्ञान घेतलं, सांगलीला शिकले, लग्न होऊन इकडे साताऱ्याकडे आले. इथं पाणी यंत्रातून गाळून येतं आणि मागं काय उरतं ते मी बघत नाही. खोकला झाला की मध घेते. सूर्य मावळल्यावर जेवते, कारण शाळा, ट्यूशन, सगळं आटोपेपर्यंत सूर्य मावळतोच. यातलं काही मला टोचत नव्हतं, हे तुला पटणार नाही, पण खरंच टोचत नव्हतं. मी म्हणायचे, आई साधी होती, तिला जीवशास्त्र माहीत नव्हतं. मोरीतल्या जिवांना काय कळतं. असं म्हटलं की विषय मिटायचा.

शनिवारी सकाळी मी लवकर शाळेत गेले. मागच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहळ नाही, साधं पोळं आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. पोरांनी मध ओतताना ग्लासांच्या कडांवर ओघळ सोडले होते, टेबलावरच्या कापडावर मध सांडला होता, दोन बाटल्या उघड्या राहिल्या होत्या. ऊन व्हरांड्यात आलं आणि माशाही आल्या. मी पोचले तेव्हा ओळीनं मांडलेल्या त्या ग्लासांत त्या पडलेल्या होत्या. काही वरच तरंगत होत्या. काही तेलातून खाली घसरून पाण्याच्या थरावर अडकल्या होत्या, आडव्या, पंख पसरून, आणि काच स्वच्छ असल्यामुळं प्रत्येक माशी अगदी नीट दिसत होती. एक कडेवर होती. साबणानं तिचे पंख अंगाला चिकटले होते आणि ती पायांनी ते सोडवत होती, सोडवत होती, आणि सुटत नव्हते. सगळ्या व्हरांड्याला गोड वास होता, त्यात स्पिरिट.

मुख्याध्यापिका आली. तिलाही किळस आली, नाक मुरडलं तिनं, पण तिची किळस वेगळी. "अरे देवा. मिस, पटकन चमच्यानं काढून टाका. पालक दहाला येतायत. फोटोत दिसायला नको."

मी काढल्या. चमचा उलटा धरून धार सोडायला पोरांना शिकवणारी मी, त्याच चमच्यानं माशा उपसत होते. कागदाच्या प्लेटमध्ये त्यांचा ओला ढीग झाला. सातवीतली एक मुलगी बाजूला येऊन उभी राहिली. "मिस, ही मेली का?" मी म्हटलं, "तू वर्गात जा." तिनं परत विचारलं. मी आवाज चढवला तेव्हा ती गेली. पालक आले, टाळ्या झाल्या, व्हिडिओ झाला. एका बापानं मला सांगितलं की मिस, निसर्गाची काय कमाल आहे बघा. माझ्या हाताला साबण आणि मध लागलेला होता आणि बोटं एकमेकांना चिकटत होती.

सगळे गेल्यावर आमच्या शाळेतल्या मावशींनी ग्लास एका मोठ्या बादलीत रिकामे केले. रंग एक होऊन सांडपाण्यासारखा करडा झाला होता. त्यांनी बादलीला हात घातला आणि विचारलं, "बाई, ह्ये कुठं वतू?"

सरळ प्रश्न होता. त्या बिचाऱ्यांना फक्त जागा पाहिजे होती. आणि मी म्हणाले, "मोरीत ओता की. त्यात काय विचारायचं." अगदी तेच शब्द, तोच सूर. मावशी गेल्या. मोरीचं पाणी मागच्या ओढ्याला जातं. बादली ओतल्याचा आवाज आला आणि मी बेसिनकडे पळाले.

मला शाळेची किळस आली, त्या टाळ्यांची आली, त्या गोड वासाची तर अजून येते आहे. चहात साखर घातली की येते. पण सगळ्यात जास्त आली ती माझ्या त्या वाक्याची. इतकी वर्षं मी समजत होते की माझं उत्तर विज्ञानाचं आहे. ते विज्ञानाचं नव्हतं. मास्तरांच्या उत्तरातही विज्ञान नव्हतं, फक्त घाई होती. तुझ्याकडेही उत्तर नव्हतं, आई, हे मी तुला सोडणार नाही. तुझ्या फडक्यानं मुंग्या मेल्या त्या मेल्या. पण तुला निदान प्रश्न पडला होता, आणि तो घेऊन तू त्या घाणीशेजारी इतके दिवस राहिलीस. मी एक सकाळसुद्धा राहू शकले नाही.

आता पुढचं ऐक. व्हिडिओ संस्थेच्या लोकांना फार आवडला. दुपारी मुख्याध्यापिकेनं बोलावून सांगितलं की सोमवारी हाच प्रयोग पहिली ते चौथीच्या सगळ्या वर्गांना करायचा, मध आणि साबण मागवला आहे, या वेळी गेटपर्यंत टेबलं लावू. मी नाही म्हणायचं ठरवूनच आत गेले होते. आत गेल्यावर तोंडातून निघालं, "मॅडम, माझे गुडघे फार दुखतात हो." ती लगेच उठली. "अहो मग आधी नाही का सांगायचं, तुम्हाला खुर्ची देते. तुम्ही बसून फक्त सूचना द्या." तिनं शिपायाला सांगून खुर्ची बाजूलाही काढून ठेवली. चांगली गादीची खुर्ची आहे. मी थँक्यू म्हणून बाहेर आले.

आज रविवार आहे. घरातले सगळे साताऱ्याला लग्नाला गेलेत, मी गुडघ्यांचं कारण सांगून राहिले. एक थाप मारली की ती सगळीकडे वापरावी लागते. तुला हे लिहिते आहे ते पाठवायला नाही. तुझी आणि माझी बोलण्याची सवय तेव्हाच मोडली होती, ती आता कागदावर कुठून जुळणार. मी खरं तर उद्याचं वाक्य शोधते आहे. ते काही अवघड नाही. मॅडम, त्यात जीव मरतात. एवढंच म्हणायचं आहे. त्यावर ती हसेल किंवा हसणार नाही, काम काढून घेईल किंवा नाही. निवृत्तीला आलेल्या बाईचं कुणी काय वाकडं करणार. मी तीस वर्षं पोरांसमोर उभं राहून बोलते आहे, माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. तरी हे वाक्य मी जन्मात कधी मोठ्यानं बोललेली नाही. मघाशी स्वयंपाकघरात म्हणून बघितलं. म्हणायच्या आधी मी उठून खिडकी लावून घेतली.